आभाळ आधी, माणसं शेवटी

रंगपेटी : चित्रकलेबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांची उत्तरं

प्रश्न : मास्तर, नमस्कार. मी अमेरिकेत ऑल्बनीजवळ राहते. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. माहेर-सासर दोन्ही कराडकडचं, वय ७१, शाळा चौथीपर्यंत. मागच्या महिन्यात त्यांना व्हर्मांटमधल्या बेनिंग्टनच्या संग्रहालयात नेलं. तिथे ‘ग्रँडमा मोझेस’ या शेतकरीण बाईंची चित्रं आहेत. एरवी म्युझियममध्ये शिरल्याबरोबर बाक शोधणाऱ्या आमच्या आई तिथून हलेनात. आता त्यांच्या चित्रांचं पुस्तक रोज दुपारी मांडीवर असतं. त्यातलं ‘शुगरिंग ऑफ’ दाखवून म्हणाल्या, “अगं, हे तर गुऱ्हाळ! बर्फात मांडलंय एवढंच.” माझे यजमान इंजिनिअर. त्यांचं म्हणणं, घरं वाकडी, माणसं बाहुल्यांसारखी, पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवायच्या नियमांचा, पत्ता नाही. बाई म्हाताऱ्या होत्या म्हणून कौतुक झालं. खरं कोणाचं? आणि त्या खरंच कोणाकडे शिकल्या नव्हत्या?

उत्तर : ताई, खरं सासूबाईंचं. यजमानांना मात्र इतक्यात सांगू नका, कारण शेवटच्या मुद्द्यात तेही थोडे बरोबर आहेत.

गुऱ्हाळापासूनच निघू. हिवाळा सरत आला, रात्री पाणी गोठतंय आणि दिवसा ऊन पडतंय अशा दिवसांत तिकडे मेपलच्या झाडात रस चढतो. खोडाला भोक पाडून नळी ठोकायची, खाली बादली अडकवायची, भरलेल्या बादल्या बर्फातून वाहून आणायच्या आणि काहिलीत ओतून आटवत बसायचं. सुमारे ४० लिटर रस आटतो तेव्हा १ लिटर पाक हाती येतो. म्हणजे लाकूडफाट्याचा खर्च किती, ते गुऱ्हाळघरात वाढलेल्या बाईला सांगायला नको. आपल्याकडे पोरं चुलवाणाभोवती घोटाळतात आणि गुळव्या त्यांना गरम गुळाचा चटका देतो. तिकडे ताज्या बर्फावर गरम पाकाची धार धरतात. तो चिवट झाला की पोरं उचलून खातात. हे सगळं आजीच्या चित्रात आहे. काहिलीखालचा जाळ आहे, बादल्या वाहणारे आहेत, घसरगाडीला जुंपलेली जनावरं आहेत, आणि काहीही न करता मध्येच उभे असलेले दोघं-तिघंही आहेत. असे दोघं-तिघं प्रत्येक गुऱ्हाळावर असतातच. सासूबाईंना ओळख पटली ती या कामाची.

आता शिकण्याचं. ग्रँडमा मोझेस म्हणजे माहेरची ॲना मेरी रॉबर्टसन. ती १८६० साली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनिच गावी जन्मली. दहा भावंडं. वडील शेती करत, जवसाच्या धाग्याची गिरणी चालवत. ते पोरांना पांढरे कागद आणून देत आणि ही पोर द्राक्षाच्या, बोरांच्या रसाने ते रंगवायची. लँडस्केपला ती ‘लँबस्केप’ म्हणायची. बाराव्या वर्षी दुसऱ्यांच्या घरी कामाला लागली. रांधणं, धुणं, आजाऱ्याची उस्तवार यांत पंधराएक वर्षं गेली. १८८७ साली थॉमस मोझेस या गड्याशी लग्न झालं आणि दोघं व्हर्जिनियातल्या शेनान्डोआच्या खोऱ्यात शेतीला गेली. तिथे तिने लोणी विकलं, बटाट्याचे वेफर्स तळून विकले. १९०५ साली परत उत्तरेत, ईगल ब्रिजला. १९२७ साली नवरा गेला. पुढे लोकरीने चित्रं भरायला घेतली, तर संधिवाताने बोटं अडली. बहीण म्हणाली, सुईपेक्षा कुंचला धरायला सोपा. झालं एवढंच. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईने भरतकाम जमेना म्हणून रंग हातात घेतला. चित्रं काढली नसती तर कोंबड्या पाळल्या असत्या, असं ती म्हणायची. मला ते विनयाचं वाटत नाही. तिच्या लेखी हातांना काम हवं होतं.

गुरू असे कोणी नव्हते, हे खरं. पण बिनगुरूची म्हणजे बिनअभ्यासाची नव्हे. मासिकांतली, शुभेच्छापत्रांतली चित्रं कापून ती साठवायची. घोडा हवा असला की कात्रण ठेवून त्याची कड गिरवायची. करिअर अँड आइव्ह्ज या कंपनीची जुनी छापील चित्रं तिकडे घरोघरी होती, त्यातून तिने बरंच उचललं. मेपलच्या पाकाचा देखावासुद्धा त्या छापांत होता. यजमान म्हणतील, ही तर नक्कल! पण त्यांना एक करायला सांगा. त्या पुस्तकातल्या चित्रातल्या माणसांवर बोट ठेवून नुसते डोंगर बघायचे. घोडे-माणसं कागदातून कापून चिकटवल्यासारखी सपाट आहेत. डोंगर मात्र तसे नाहीत. जवळच्या टेकडीचा हिरवा, त्यामागच्या रांगेचा निळसर, त्याही मागचा धुरकट, आणि शेवटची रांग आभाळात विरत गेलेली. हे कुठल्या कात्रणात मिळत नाही. हुसिक नदीच्या खोऱ्यात राहून, परसात धुणं वाळत घालताना वर्षानुवर्षं जे दिसलं ते आहे. अंतर दाखवायला पट्टी लागते असं आम्ही ड्रॉइंगवाले समजतो. तिने ते हवेने दाखवलं.

आणि पट्टीचं म्हणाल तर यजमानांना सांगा, मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर उभं राहून शिकलेलं पर्स्पेक्टिव्ह डोंगरातल्या माणसाला लावू नका. मी वाईचा. पसरणीचा घाट चढताना खाली बघितलं की शेतं आडवी पडलेली दिसतच नाहीत, भिंतीवर टांगलेल्या गोधडीसारखी उभी दिसतात. क्षितिज पार वर जातं. एका नजरेत दहा ठिकाणची कामं दिसतात. कुठे नांगर चाललाय, कुठे गवताची गंजी लागतेय, कोणाच्या दारात गाडी उभी आहे. मोझेसआजीचं क्षितिज नेहमी असं वर असतं. शिवाय ती चित्र स्टँडवर लावत नसे. टेबलावर सपाट ठेवून, खुर्चीत उश्या घेऊन, पोळपाटावर वाकावं तशी वाकून काढायची. ते टेबल तुम्ही बेनिंग्टनला बघितलं असेल; त्याच्या पायांवरसुद्धा तिने देखावे रंगवलेत. मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी त्या टेबलापुढेच जास्त वेळ घालवला. मुलगी म्हणाली, बाबा, चित्रं भिंतीवर आहेत.

तिची पद्धत मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी चौकट मिळवायची. मग चौकटीच्या मापाची मॅसोनाइटची फळी, म्हणजे आपला हार्डबोर्ड, करवतीने कापायची. तिला जवसाचं तेल लावायचं, त्यावर पांढऱ्या रंगाचे तीन हात. अशा तीन-चार फळ्या एकदम घ्यायच्या आणि सगळ्यांची आभाळं आधी रंगवून टाकायची, म्हणजे कालवलेला निळा वाया जात नाही. पापड करायला बसलेल्या बायका आधी सगळ्या लाट्या करून घेतात, त्यातला हिशेब. आभाळानंतर डोंगर, मग टेकड्या, झाडं, घरं, गुरं, आणि सगळ्यात शेवटी माणसं. डोळे-तोंडं काढायला काडेपेटीतली काडी नाहीतर टाचणी. बर्फावर चमकी भुरभुरायची. आता चमकी म्हटलं की समीक्षक नाक मुरडणारच. पण उन्हात बर्फ चमकतो. तिने तो जन्मभर फावड्याने ओढला होता.

आता कीर्तीची गोष्ट. तिने जत्रेतल्या प्रदर्शनात चित्रं मांडली होती आणि शेजारी मुरंबेही. बक्षीस मुरंब्याला मिळालं. मग हुसिक फॉल्सच्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेत चित्रं ठेवली. भाव आकारावर, तीन ते पाच डॉलर. तिथे १९३८ साली लुईस कॅल्डर नावाचा न्यूयॉर्क शहरातला एक इंजिनिअर (यजमानांना हे जरूर सांगा) आला. त्याने दुकानातली सगळी चित्रं उचलली आणि आणखी मिळतील म्हणून तिचं घर गाठलं. आजी बाहेर गेलेली. सून म्हणाली, दहा आहेत, उद्या या. आजी रात्री येऊन मोजते तर नऊ! सुनेचा शब्द खाली पडू द्यायचा कसा? तिने एक मोठं चित्र घेतलं, करवतीने दोन केलं, दहा भरले. हा किस्सा मी वर्गात सांगायचो तेव्हा पोरं हसायची. मला त्यातली सासू-सून जास्त आवडते.

१९३९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने अनोळखी चित्रकारांच्या प्रदर्शनात तिची तीन चित्रं लावली. १९४० साली ऑटो कॅलिर यांनी तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. हा व्हिएन्नातून नाझींमुळे परागंदा झालेला ज्यू कलादालनवाला. तिकडच्या एगॉन शीलेसारख्या आधुनिक चित्रकारांवर जीव असलेला माणूस मुरंबेवाल्या आजीची चित्रं भिंतीवर लावतो, यातच काय ते आलं. प्रदर्शनाचं नाव होतं ‘एका शेतकरणीने काय रंगवलं’. आजी उद्घाटनाला गेली नाही. चित्रं घरी बघितलीच होती, मग जायचं कशाला? पुढे एका मोठ्या दुकानाने बोलावलं तेव्हा गेली, तर सोबत पाव आणि मुरंबे, आणि बोलली तीही मुरंब्यांवरच. वर्तमानपत्रांनी ‘ग्रँडमा’ केलं ते तेव्हापासून. १९५३ साली ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर आली. तिची चित्रं नाताळच्या कार्डांवर, पडद्यांच्या कापडावर, बशांवर छापली गेली. तर यजमानांचा मुद्दा इथे बरोबर आहे. वयाचं कौतुक झालं, आणि ते विकलंही गेलं. युद्धाने शिणलेल्या अमेरिकेला जुन्या शेतघराची ओढ होती; आजीच्या चित्रांत ना टेलिफोनचे खांब, ना ट्रॅक्टर. पण वयाचं कौतुक चार-पाच वर्षं पुरतं. १९४३ सालचं ‘शुगरिंग ऑफ’ २००६ साली लिलावात दहा लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेलं, तेव्हा आजीला जाऊन ४५ वर्षं झाली होती.

भोळी म्हणाल तर मुळीच नव्हती. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे चिठ्ठी लावायची. नाव, क्रमांक, तारीख. दीड हजारांवर चित्रं झाली. १०१ वर्षं जगली, १९६१ च्या डिसेंबरात गेली, आणि त्या शेवटच्या वर्षातही काढत होती.

एक गोष्ट मात्र या चित्रांत सापडत नाही. तिला दहा मुलं झाली, त्यातली पाच तान्ही असतानाच गेली. त्यांना शेनान्डोआच्या खोऱ्यात पुरून ती नवऱ्याबरोबर उत्तरेला परतली. व्हर्जिनियातल्या दिवसांची चित्रं तिने काढलीत. त्यात सफरचंदं शिजतात, मोठ्या कढईत कोणीतरी लांब दांड्याचं उलथणं फिरवतंय, आणि अंगणभर पोरं आहेत. पुस्तक पुन्हा उघडाल तेव्हा ती पोरं मोजा. मी मोजत बसलो होतो.

सासूबाईंना कागद-रंग आणून द्यायचे का, हे तुम्ही विचारलं नाहीत. द्या. आणि काहील कुठे होती, चुलवाणाचं तोंड कोणत्या बाजूला होतं, एवढं विचारून बाजूला व्हा.

प्रश्न : सर, मी माध्यमिक शाळेत कला शिक्षक आहे, संगमनेर भागात. मुलांना एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षांना बसवतो. तुम्ही मागच्याही काही अंकांत अशा स्वयंशिक्षित चित्रकारांची बाजू घेतलीत. मग मुलं म्हणतात, चुकलं तरी चालतं ना! आम्ही यथादर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, शिकवायचं की नाही?

उत्तर : शिकवायचं. परीक्षेला लागतं, आणि आलं तर बिघडत काहीच नाही.

पण घाटाचा जो हिशेब मी वर मांडला तो मला फार उशिरा कळला, त्याची किंमत एका मुलीने मोजली. डोंगरावरच्या वाडीतून रोज दीड तास उतरून शाळेत यायची. स्मरणचित्राला विषय होता भातलावणी. तिने खाचरं एकावर एक रचली होती, फडताळातल्या फळ्यांसारखी. वरच्या खाचरातली बाई खालच्या बाईएवढीच मोठी. मी लाल शाईने लिहिलं, ‘यथादर्शन चुकले’, आणि गुण कापले. पुढे जनगणनेच्या कामाला त्या वाडीत गेलो. त्यांच्या अंगणात चहा घेताना समोर बघतो तर खाचरं तशीच. एकावर एक. समोरच्या उतारावरच्या बाया सगळ्या सारख्याच अंतरावर, म्हणून सारख्याच उंचीच्या. ती मुलगी तोवर लग्न होऊन गेली होती. लाल शाई परत घेता येत नाही.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. चुकलं असं लिहिण्याआधी विचारायचं, “तू उभी कुठे होतीस?” उत्तर देता आलं तर चूक नाही. उत्तर नाही, नुसताच आळस आहे, तर खुशाल लाल शाई वापरा. ‘चुकलं तरी चालतं’ म्हणणाऱ्या पोरांना मोझेसआजीच्या तीन हात पांढऱ्या रंगाचं सांगा आणि एक फळी घासायला द्या.

प्रश्न : अशा चित्रांना मराठीत ‘भाबडी चित्रकला’ म्हणतात. आपली वारली चित्रंही त्यातच येतात का? (नाशिक)

उत्तर : नाही. वारली चित्र ही एका समाजाची लिहायची रीत आहे. लग्नाचा चौक सवाष्णी लिहितात, त्यात पालघट देवी कुठे बसणार हे ठरलेलं असतं, आणि चुकलं तर सांगायला घरात दहा जणी असतात. जिव्या सोमा मशे यांनी ती रीत भिंतीवरून कागदावर आणली, पुरुष असून हातात घेतली, रोजचं जगणं तिच्यात आणलं; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढं स्वतःचं करूनही त्यांच्या मागे त्या सगळ्या बायकांचा हात होता. मोझेसआजीच्या मागे असं कोणी नव्हतं. तिने आपली रीत एकटीने, कात्रणांच्या पेटीतून जुळवली. दोघांना एका खोक्यात घालायचं कारण एवढंच, की खोकं करणारे शहरात बसलेले असतात.

‘भाबडी’ हा शब्द मलाही खटकतो. पाठीमागे क्रमांक टाकून चित्र विकणारी बाई भाबडी कशी? मी ‘स्वयंशिक्षित’ म्हणतो. कोरडा शब्द आहे, पण खोटा नाही.

प्रश्न : वडील एस.टी.त चालक होते, आता ७६ वर्षांचे आहेत. आयुष्य कुंभार्ली घाटात गेलं. अलीकडे वहीत घाट काढत बसतात. हात थरथरतो. रंग आणून द्यावेत म्हणतो. नक्की काय आणू? (चिपळूण)

उत्तर : कॅनव्हास आणि स्टँड आणू नका, हात अधांतरी राहिला की थरथर वाढते. हार्डबोर्डचे तुकडे आणा, सुताराकडे उरलेले मिळतात. गुळगुळीत बाजूला पांढऱ्या प्रायमरचे दोन-तीन हात द्या, मधे पॉलिश पेपर मारा. बोर्ड जेवणाच्या टेबलावर सपाट ठेवायचा, कोपर टेकलेलं हवं. तेलरंगांना टर्पेंटाइन लागतं, बंद खोलीत वास डोक्यात जातो, म्हणून ॲक्रिलिक घ्या. एक रुंद चपटा ब्रश आभाळाला, एक मधला, एक बारीक. बारीक ब्रश थरथरत्या हाताला ऐकत नाही, तेव्हा मोझेसआजीसारखं काडीने रंगवायला काडेपेटी जवळ असू द्या.

एकाच वेळी तीन बोर्ड द्या. एक बिघडला की दोन उरतात, त्यामुळे म्हातारी माणसं रुसत नाहीत. जुन्या बाजारातून दोन फ्रेमा आधीच आणून ठेवा आणि बोर्ड त्या मापाचे कापून घ्या. मोबाइलवर घाटाचे फोटो मात्र दाखवू नका. त्यांना रस्ता पाठ आहे; फोटो बघितला की ते फोटो काढायला लागतील.

आणि गाडीचा लाल कोणता, ते त्यांनाच कालवू द्या. दुकानातली तयार लालची ट्यूब नेऊन दिलीत तर हा आमच्या डेपोचा लाल नव्हे म्हणून दोन दिवस ऐकून घ्यावं लागेल.